उतारावरचं डिझेल

१८ नोव्हेंबर १९८४

सेवेर,

बटाटे पोचले. बटाट्यांखालचा कॅनही पोचला. लिफ्ट बंद आहे हे सांगायलाच नको, त्यामुळे तुझे नाशू ते पोतं पाठीवर टाकून वर आले आणि दारात धापा टाकत उभे राहिले. तुझ्या लग्नात धर्मपिता म्हणून मेणबत्ती धरून उभा राहिलेला माणूस, त्याला असं हमालासारखं राबवताना तुला काहीच वाटत नाही का रे? मी त्यांना आंबट सूप गरम करून दिलं. ते म्हणाले, कारखान्याला फळ्या पोचवायला दर पंधरवड्याला यायचंच असतं, तुमचं घर वाटेतच आहे. कुठलं वाटेत! स्वभावच तसा आहे त्यांचा.

बुखारेस्टहून काटकसरीचा हुकूम आलाय, घरातले रेडिएटर महिनाभर बर्फासारखे गार आहेत. शेजारच्या वेल्डरने लोखंडी स्टोव्ह करून दिलाय. वरच्या डब्यातून थेंब थेंब डिझेल तापलेल्या ताटलीवर पडतं आणि पेटतं, नळकांडं खिडकीतून बाहेर काढलंय. तुझं डिझेल घातलं आणि माझी इलिंका कितीतरी दिवसांनी न खोकता झोपली. डॉक्टर म्हणतात, औषधं आहेत तेवढी देतो, पण पोरीच्या छातीला खरं औषध म्हणजे ऊब. चार वर्षांची आहे आणि म्हातारीसारखा श्वास घेते. तिचा बाप लिबियात रस्ते बांधतोय, तिकडे म्हणे उकाड्याने जीव जातो. लिहितो, इथे सावलीसुद्धा तापते. वाचून मला रडावं की हसावं ते कळेना.

पण एक विचारते आणि सरळ उत्तर दे. हे डिझेल तू कुठून आणलंस? डेपोच्या पंपावरून उचललं असशील तर पुढच्या खेपेला कॅन नाशूंबरोबर परत येईल, इलिंका खोकली तरी. आपल्या बाबांनी गिरणीतून कधी एक खिळा घरी आणला नाही. मी शाळेत रोज पोरांना चोरी वाईट म्हणून शिकवायचं आणि घरी चोरीच्या उबेत बसायचं, हे मला जमणार नाही.

उत्तर पोस्टाने पाठवू नकोस. नाशूंच्या हातीच दे.

वेतुरिया


२७ नोव्हेंबर

ताई,

तू शाळेत छडी मारतेस की नाही ते माहीत नाही, पण पत्रातून मारतेस ती इथवर लागते. मी चोर नाही. ते डिझेल मला डोंगर देतो.

डेपो आम्हाला फेरीमागे मापून डिझेल देतो. ओंडके भरायचे, वुल्पेशची खिंड चढायची, पलीकडे स्टेशनापर्यंत उतरायचं, रिकामी गाडी घेऊन परत यायचं. हे माप कुणीतरी फार पूर्वी, सगळी वाट गाडी गिअरमध्ये चालवून ठरवलंय. आता मी काय करतो बघ. माथ्यावर पोचलो की गाडी न्यूट्रलला टाकतो आणि इंजिनच बंद करतो. मग ओंडक्यांचं वजनच गाडीला खाली नेतं. वेग येऊ द्यायचा, ब्रेकवर होईल तितका कमी पाय ठेवायचा, कारण खालचा पूल ओलांडला की लगेच चढ आहे आणि साठवलेल्या वेगावर निम्मा चढ फुकटात निघतो. उरतं ते तुझ्या कॅनमध्ये. आवाज काही नसतो ग, नुसते ओंडके कुरकुरतात. कधीकधी पाखरंसुद्धा ऐकू येतात.

भीती वाटते का विचारशील, तर वाटते. इंजिन बंद असलं की ब्रेकला नवी हवा मिळत नाही, टाकीत आहे तेवढीच. चार-दोन वेळा पाय दाबला की संपली. म्हणून कुठे दाबायचं ते ठरलेलं. घोडेवळणाआधी एकदा, पुलाआधी एकदा, बाकी देवाचं नाव. मधे कुणी आलं नाही म्हणजे झालं.

आणि हे सगळेच करतात. उरलेलं डिझेल ज्याचं त्याचं, ही आमच्यातली जुनी रीत आहे. कुणी घर तापवतो, कुणी त्याच्या बदल्यात अंडी आणतो. फक्त एक गोष्ट कुणीही, दारूच्या नशेतसुद्धा, करत नाही. उरलं असं कागदावर दाखवत नाही. दाखवलं की माप खाली आलंच म्हणून समज.

न करणारा एकच, आपले नाशू. माथ्यापासून तळापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन घरघरतंय, मागे आमची रांग. आम्ही त्यांना म्हातारी म्हणतो. ते म्हणतात, म्हातारी तर म्हातारी, म्हातारी घरी जाऊन जेवते. त्यांच्याकडे थेंब उरत नाही, तरी तुझा कॅन तेच आणतात. तेव्हा त्यांना सूप दाट दे.

सेवेर


९ डिसेंबर

सेवेर,

पत्र वाचून जीव भांड्यात पडला आणि पुढच्याच ओळीला पुन्हा बाहेर आला. इंजिन बंद करून डोंगर उतरतोस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? पण तुला अडवायचं तर कुठल्या तोंडाने, ते मला कळत नाही. इलिंकाच्या उशाशी तो स्टोव्ह आहे.

आता दुसरं ऐक. या खेपेला शहराच्या नाक्यावर मिलिशियाच्या पोलिसांनी नाशूंची गाडी थांबवली. पोती उघडायला लावली. एकात हात घालून खालपर्यंत चाचपलं. नशीब, कॅन दुसऱ्या पोत्यात होता आणि त्या शिपायाची नजर चीजच्या गोळ्यावर पडली. तो घेऊन त्याने सोडलं. नाशूंनी हे मला सूप पिता पिता सांगितलं. पकडले गेले असते तर तुरुंगात कोण गेलं असतं? तू नव्हे. ज्याने उभ्या जन्मात थेंबभर उरवला नाही तो.

मला एक सांग, तू चोरी करत नाहीस ना? मग लपवतोस कशाला? घामाने वाचवलेली वस्तू बटाट्याखाली का यावी? पेपरात रोज येतं की डिझेल वाचवणाऱ्या चालकांना बक्षीस देतात. जा तुमच्या डेपोच्या इंजिनियरकडे, सांग की मी इतकं वाचवतो, त्यातलं थोडं मला कागदावर द्या, घरात आजारी मूल आहे. शिक्क्याचा कागद असेल तर नाशू नाक्यावरून ताठ मानेने येतील. तुमची रीत, तुमची रीत काय लावलंयस? चोरांचीही रीत असते.

कागदाशिवाय यापुढे मी कॅन घेणार नाही. इलिंका परवापासून पुन्हा खोकते आहे. तरी घेणार नाही. तेव्हा लवकर कर.

वेतुरिया


३० डिसेंबर

ताई,

केलं. तू म्हणालीस तसं केलं.

इंजिनियर स्तान्चुने आधी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याच्या टेबलावर बेडूक ठेवला. मग उठून हस्तांदोलन केलं. दोन आठवडे माझी गाडी जाताना-येताना मोजली. आकडे बघून इतका खूश झाला की स्वतःची कॉफी मला दिली, खरी कॉफी, जवाची नव्हे. कसं वाचवतोस हे मात्र त्याने विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, कॉम्रेड, तपशील राहू द्या, आकडा बोलतो. आता डेपोच्या दारात माझा फोटो आहे. डोळे मिटलेले आलेत. आणि या पत्राबरोबर आलाय तो कॅन शिक्क्याचा आहे, महिन्याला एक, वरून कागद. नाक्यावर दाखवायचा आणि पुढे जायचं.

बाकी ठीक नाही. गाड्यांच्या अड्ड्यावर गेलो की बोलणं थांबतं. आमच्यातलाच ग्लिगोर माझ्या फोटोवर थुंकला आणि कुणी ते पुसलंही नाही. नाताळला मी घरच्या त्सुइका दारूची बाटली घेऊन नाशूंकडे गेलो, दरवर्षीसारखा. काकू फिराने आत घेतलं, मक्याचा गरम ममलिगा वाढला. जेवण झाल्यावर नाशू मला सोडायला बाहेर आले. निघताना अंगणात म्हणाले, "सेवेर, तुला पाहिजे होतं तर माझ्याकडे मागायचंस. आम्ही सगळ्यांनी वाटीवाटी घातलं असतं." एवढंच. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. तरी कॅन आणायला नाही म्हणाले नाहीत.

बघू आता पुढे काय होतंय.

सेवेर


१० जानेवारी १९८५

सेवेर,

किती दिवसांनी मी निश्चिंत बसून लिहिते आहे. खिडकीला आतून बर्फ धरला होता तो वितळला. इलिंकाने आज अंगातला एक स्वेटर आपणहून काढला, अन् काढून बाहुलीला घातला. तो कागद मी काचेच्या कपाटात ठेवलाय. शेजारीण बघायला आली, म्हणाली, तुमचा भाऊ मोठा माणूस झाला. बाबा असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

नाशूंचं मात्र मला नवल वाटतं. सूप घेतलं. मग स्टोव्हजवळ जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले, खूप वेळ. इलिंका त्यांच्या पायाशी खेळत होती. मग म्हणाले, "बाई, महिन्याला एवढं पुरतं का हिला?" मी म्हटलं, काटकसर केली तर पुरतं. ते म्हणाले, नव्या वर्षापासून खिंडीवरच्या सगळ्या गाड्यांचं माप कमी केलंय, सेवेरच्या आकड्यावर आणलंय, आणि जास्त लागलं तर पगारातून कापतात. मी म्हटलं, चांगलंच झालं की, आता सगळेच वाचवायला शिकतील. त्यावर माझ्याकडे बघून नुसते हसले आणि टोपी घातली.

मला वाटतं त्यांना थोडा मत्सर वाटतो. म्हातारपणी माणूस असा होतो. तू मनावर घेऊ नकोस. पुढच्या खेपेला मी त्यांच्यासाठी कोबीच्या पानांत खिमा भरून सारमाले करीन, त्यांना आवडतात.

वेतुरिया


२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र ग्लिगोर आणतोय. तो तुझ्याशी बोलणार नाही, तू त्याला आत ये म्हणून आग्रह करू नकोस.

नाशू गेले.

सारा महिना ते पूर्वीसारखेच गिअरमध्ये उतरत होते. पहिल्या पगारात निम्मे पैसे कापले. काकूला सांगितलंही नाही. बुधवारी सकाळी माथ्यावर मी त्यांच्या मागे होतो. त्यांचं इंजिन बंद झालं ते मला ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे, आवाज नाहीसा झाला. मला वाटलं गाडी बिघडली. तोवर ती चालू लागली होती.

जन्मात कधी केलं नव्हतं त्यांनी. कुठे पाय दाबायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. भीतीने जागोजागी दाबत गेले असणार, तेही गिअरमध्ये दाबायची सवय, हळूच आणि सारखा. घोडेवळणावर गवताने लादलेली, बर्फावरची घसरगाडी आडवी आली, तेव्हा टाकीत हवा राहिली नव्हती. घसरगाडीवाला सांगतो, म्हाताऱ्याने मला बघितलं आणि चाक डोंगराकडे फिरवलं. दरीकडे नाही, माझ्याकडे नाही. ओंडके मागून केबिनमध्ये आले.

मी त्यांना बाहेर काढलं. त्याबद्दल लिहीत नाही.

आता डेपो म्हणतो, चालकाचा निष्काळजीपणा. तसं ठरलं तर काकू फिराला पेन्शन नाही. चौकशीत मला साक्षीला बोलावलंय. स्तान्चुने कागद तयार ठेवलाय. त्यावर लिहिलंय की नव्या मापात गाडी गिअरमध्ये, नियमाप्रमाणे चालवून खिंड पार होते, मी स्वतः रोज करतो. मी सही करायची. केली की दोष नाशूंचा, फोटो माझा, कॅन इलिंकाचा. नाही केली तर मी नियम मोडून आकडा दिला असं होतं, मग लायसन्स जातं आणि कॅनही जातो.

मी अजून काही बोललो नाही. तुझ्याशी बोलल्याशिवाय ठरवायचं नाही असं ठरवलंय.

सेवेर


५ फेब्रुवारी

सेवेर,

ग्लिगोर खाली थांबलाय, म्हणून भराभर लिहिते.

सारमाले केले होते. भांडं अजून बाल्कनीत आहे.

मी त्यांना मत्सरी म्हटलं. ते माझ्या घरात हात शेकत उभे होते, आणि मी त्यांना म्हटलं, चांगलंच झालं. हे मी कुठे नेऊन ठेवू?

पण ऐक. तुला कळवलं नव्हतं. गेल्या आठवड्यात इलिंका इस्पितळात होती. न्यूमोनिया. तिथे एका खाटेवर दोन-दोन मुलं, आणि आपल्यापेक्षा गारठा. तिच्या खाटेवरची दुसरी मुलगी वारली, सकाळी तिला नेलं आणि इलिंका मला विचारत राहिली की ती कुठे गेली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हिला घरी न्या, घर गरम आहे ना? मी म्हटलं, आहे. म्हणाल्या, मार्च संपेपर्यंत तसंच ठेवा, पुन्हा थंडी बाधली तर मी काही करू शकणार नाही.

सही कर.

हो, मीच लिहितेय हे. बाबांच्या खिळ्याची गोष्ट सांगणारी. नाशू गेले, ते परत यायचे नाहीत, इलिंका आहे. काकू फिराला मी माझ्या पगारातून देईन, जन्मभर देईन, तिचे पाय धरीन. पण आता सही कर, मार्च तेवढा निघू दे. मग हवं ते सांग कुणालाही. मी तुझ्यापाशी कधी काही मागितलं नाही. खरं बोल हे मागितलं होतं, ते चुकलं. आता खोटं मागते.

वेतुरिया


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खिशात घेऊन चौकशीला गेलो. पेन हातात घेतलं होतं, हे तुला कळलं पाहिजे. बाकावर काकू फिरा बसली होती, काळा रुमाल बांधून. माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर मी सही केली असती. तिने सरकून मला बसायला जागा दिली.

मी पेन खाली ठेवलं. स्तान्चु म्हणाला, विचार करा, दोन दिवस देतो.

बाहेर आलो तर अड्ड्यावर सगळे उभे होते. नाताळपासून पहिल्यांदा ग्लिगोरने मला सिगारेट दिली. कुणी सभा घेतली नाही, कुणी नुसतं ठरवूया असंही म्हणालं नाही. दुसऱ्या सकाळी मापाने डिझेल भरून आम्ही निघालो. माथ्यावर कुणीच इंजिन बंद केलं नाही. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये, नाशूंसारख्या घरघरत, घोडेवळणावर टोप्या काढून, खाली उतरल्या. परतीच्या वाटेवर टाक्या कोरड्या पडल्या. एकेक गाडी तोच उतार उलटा चढताना थांबली, एकीमागे एक, खिंड बंद. मिलिशिया आली, जिल्ह्याची गाडी आली, ती आमच्या मागे अडकली. प्रत्येकाला विचारलं, काय झालं? प्रत्येक जण म्हणाला, माहीत नाही साहेब, मापाप्रमाणे भरलं होतं, नियमाप्रमाणे चालवलं.

तीन दिवस हेच केलं. स्टेशनात वॅगनी रिकाम्या उभ्या राहिल्या, मग बुखारेस्टहून फोन आला. आता जुनं माप परत आलंय. नाशूंच्या कागदावर निष्काळजीपणाच्या जागी निसरडा रस्ता असं लिहिलंय. काकूला पेन्शन मिळेल.

कुणाला तरी शिक्षा व्हायला हवीच होती. आकडा माझा होता. लायसन्स काढून घेतलं, फोटो काढला, मला वर जंगलात ओंडके चढवायला लावलंय. शिक्क्याचा कॅन बंद. तुझ्याकडे आहे तो शेवटचा, नळ अगदी केसभर उघडा ठेव.

मी इलिंकाला विकलं की नाशूंना विकलं नाही, यातलं काय खरं ते मला माहीत नाही. झाडाला साखळी बांधतानाही तेच डोक्यात असतं. तू मला शिव्या दे, पण लिही.

पोत्यात मेंढीच्या कातड्याचा कोट आहे. नाशूंचा. काकू फिराने दिलाय. मी तिला काही सांगितलं नव्हतं, नाशूंनीच तिला कधीतरी सांगितलं होतं की शहरात एक लहान मुलगी आहे, तिला थंडी सोसत नाही.

सेवेर


११ मार्च

सेवेर,

शिव्या देणार नाही. पहिल्या दिवशी दिल्या, मोठ्याने, भिंतीला. शेजारीण ऐकत होती.

कॅन बावीस तारखेला संपला. इलिंकाला त्या कोटात गुंडाळून मी माझ्या अंगाशी बांधून ठेवते, शाळेतही तशीच नेते, मुख्याध्यापिका दुसरीकडे बघतात. कोटाला तंबाखूचा आणि डिझेलचा वास आहे. तिला तो आवडतो. म्हणते, हे नाशूआजोबा आहेत. चार दिवसांपूर्वी तिला पुन्हा ताप चढला, ओठ निळे पडायला लागले. मी खुर्च्या जाळल्या. मग बाबांचं कपाट फोडायला कुऱ्हाड मागायला खाली गेले, तर जिन्यात ग्लिगोर. पाठीवर बटाट्याचं पोतं.

त्याने ते दारात ठेवलं. उचलायला गेले तर बटाटे त्यात जेमतेम वरच्या थराला होते. कागद नाही, शिक्का नाही. कुणी पाठवलं, कुठून आलं, मी काही विचारलं नाही. मला माहीत आहे ना. तुम्ही सगळ्यांनी वाटीवाटी घातलंय.

त्याला मी सूप दिलं. उभ्या उभ्याच प्याला. जाताना मला राहवलं नाही, मी म्हटलं, "घोडेवळणावर तरी इंजिन चालू ठेवत जा हो."

तो टोपी हातात घेऊन थांबला. रागावला नाही. म्हणाला, "मग हे कुठून येईल, बाई?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यालाही मुलं असतील. मग मी आत गेले, डबा भरला, नळ केसभर उघडला आणि काडी ओढली.

इलिंका झोपली आहे. ताप उतरलाय. पुढच्या पंधरवड्याला तो यायचा आहे.

वेतुरिया